लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकलची सीट बनवून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून गोवा साधारण ४५० किलोमीटर. गाडी ते अंतर सहज कापते, पण कोल्हापूर यायच्या आतच आपण सीटवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकायला लागतो. लांब जायचं म्हणजे बूड दुखणारच, असं धरून चालणारे कितीतरी जण मला भेटतात आणि ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. हे दुखणं सोसायची गरज नाही. सीट हा गाडीचा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे आणि आपल्या गावातला चांगला सीटवाला ते काम करू शकतो. मात्र त्याला नेमकं काय सांगायचं, हे आपल्याला माहीत हवं. आमच्या राइडिंग ग्रुपमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

शोरूममध्ये सीट छान वाटली होती. मग शंभर किलोमीटरनंतर काय होतं?

शोरूममध्ये आपण सीटवर पाच मिनिटं बसतो, टेस्ट राइड फार तर दहा-पंधरा मिनिटांची. तेवढ्या वेळात मऊ सीटच चांगली वाटणार. खरा प्रकार तासाभरानंतर सुरू होतो.

बसल्यावर अंगाचा बहुतेक भार दोन हाडांवर येतो. कडक बाकावर बसून हात खाली घातलात तर डावीकडे आणि उजवीकडे दोन टोकं लागतील, तीच ही बैठकीची हाडं. मऊ फोममध्ये ती खोल रुततात. तेवढ्या जागेतला फोम पूर्ण दबला की त्याचं काम संपतं आणि आपण जवळजवळ खालच्या प्लास्टिकच्या तळावर बसलेलो असतो (जुन्या गाड्यांत तो पत्र्याचा असतो). तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा अडतो. आधी गरम वाटतं, मग चुरचुरतं, मग बधिर होतं. खुर्चीवर आपण नकळत हलत राहतो. गाडीवर पुढे टाकी, मागे माणूस किंवा बॅग, त्यामुळे तासन्‌तास एकाच ठिकाणी खिळून बसावं लागतं.

त्यात कंपनी एकच सीट ५० किलोच्या आणि १०० किलोच्या माणसाला देते. दोघांनाही ती पुरेशी पडणं शक्यच नाही. म्हणून ‘अमुक गाडीची सीट चांगली का’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोणाला चांगली, ते आधी सांगायला हवं.

माझं दुखणं सीटमुळेच आहे, हे कसं ओळखायचं?

दुखतं कुठे, यावर पुष्कळ कळतं. पुढच्या लांब राइडला थांबाल तेव्हा ‘फार दुखतंय’ एवढ्यावर न थांबता जागा नीट लक्षात ठेवा. मोबाइलमध्ये लिहूनच ठेवलंत तर सीटवाल्याकडे जाताना उपयोगी पडेल.

बैठकीच्या हाडांखाली आग होत असेल तर फोम दबतोय, किंवा सीट त्या हाडांच्या मानाने अरुंद आहे. मांडीची आतली बाजू घासून लाल होत असेल तर सीटच्या पुढच्या भागाची कड टोकदार किंवा रुंद आहे. माकडहाड दुखत असेल तर दोन शक्यता असतात: एक तर तुम्ही पोक काढून बसताय, नाहीतर चालक आणि मागच्या जागेमधला उंचवटा नेमका तिथे टोचतोय. ब्रेक मारला की दर वेळी टाकीकडे घसरत असाल आणि जांघेत, नाजूक भागात मुंग्या येत असतील तर सीटचा उतार पुढच्या बाजूला आहे. हा शेवटचा त्रास अंगावर काढू नका. त्या भागातल्या नसांवर सतत दाब पडणं चांगलं नाही.

गुडघा दुखत असेल तर बहुधा सीट आणि पायदान यांतलं अंतर कमी पडतंय. उंच माणसाची सीट २० मिलिमीटर वर गेली तरी गुडघ्याचा कोन मोकळा होतो. खांदे आणि मनगटं दुखत असतील तर मात्र आधी हँडलकडे बघा.

सीटवर पैसे घालण्याआधी आणखी काय तपासून घ्यावं?

मागचं सस्पेन्शन. त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती दाबून बसवली आहे ते सेटिंग, शोरूममधून आलं तसंच असतं आणि आपण त्यावर माणूस, दोन बॅगा, तंबू असं सगळं लादतो. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे आपला प्रवास जुन्या रस्त्यांनी, गतिरोधक आणि खड्ड्यांतूनच होणार. सस्पेन्शन तळाला आपटत असेल तर तो दणका कितीही भारी फोम थांबवू शकत नाही. चालक बसल्यावर मागची बाजू, सस्पेन्शन एकूण जितकं दबू शकतं त्याच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावी, असा ढोबळ हिशेब आहे. त्यासाठी लागणारा सी-स्पॅनर (आकड्यासारखा पाना) कित्येक गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतो आणि मेकॅनिक दहा मिनिटांत सेटिंग करून देतो.

दुसरी गोष्ट कपडे. जीन्सच्या जाड शिवणी बरोबर बैठकीच्या हाडांखाली येतात. सुती अंतर्वस्त्र घामाने ओलं झालं की घासतं. घाम शोषून लवकर वाळणारं, शिवण नसलेलं अंतर्वस्त्र किंवा सायकलवाल्यांची पॅड असलेली शॉर्ट वापरून बघा. काहींचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

आणि थांबा. तासा-सव्वातासाने पाच मिनिटं उतरून चाला. मोकळा, सरळ रस्ता असेल तर पायदानावर जोर देऊन क्षणभर भार उचला. हे सगळं करूनही दुखत असेल तर मग सीट.

जास्त जाड, जास्त मऊ फोम घातला की काम झालं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. सीटला भार पसरवता आला पाहिजे. मऊपणा हाताला कळतो, भार पसरणं बुडाला कळतं आणि तेही दोन तासांनी. बैठकीच्या हाडांवरचं ओझं आजूबाजूच्या मांसल भागावर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूवर वाटलं गेलं की दुखणं कमी होतं. त्यासाठी फोम हाडांना तोलून धरण्याइतका घट्ट असावा लागतो.

फोमच्या दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे शब्द कानावर पडतात. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो कडक आहे की मऊ, हे त्यावरून ठरत नाही. सारख्याच डेन्सिटीचे दोन फोम हाताला वेगवेगळे लागू शकतात. म्हणून आकड्यावर न थांबता तुकडा मागा, तो कडक जमिनीवर ठेवा आणि त्यावर दहा मिनिटं बसा. जमीन जाणवली तर तो फोम तुमच्या वजनाला पुरणार नाही.

चांगली सीट बहुतेक वेळा थरांची असते. खाली रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला रंगीबेरंगी ठोकळा. त्याची डेन्सिटी ८० ते १२० किंवा त्याहूनही जास्त असते आणि तो सहजासहजी दबत नाही. त्यावर मधला, लवचिक, दाबल्यावर चटकन वर येणारा फोम. अगदी वर ८-१० मिलिमीटरचा मऊ थर, कव्हर गुळगुळीत बसावं म्हणून. नुसत्या रिबॉन्डेडची सीट बनवू नका. ती दगडासारखी होते. कंपनीचा साच्यात ओतलेला मूळ फोमही टाकाऊ नसतो. कित्येकदा तो तसाच ठेवून, फक्त बैठकीच्या जागी तेवढा भाग कापून तिथे घट्ट फोम बसवला की पुरतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा काम करून घेणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

मेमरी फोम, जेल पॅड, हवेची गादी यांपैकी काय घ्यावं?

मेमरी फोम १९६०च्या दशकात ‘नासा’साठीच्या संशोधनातून आला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. अडचणही तिथेच आहे, कारण तो तापमानाप्रमाणे वागतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर तो लिबलिबीत होतो आणि लेहच्या पहाटे कडक लागतो. शिवाय दबल्यावर तो सावकाश वर येतो, त्यामुळे लागोपाठच्या खड्ड्यांत त्याला सावरायला वेळच मिळत नाही. वरचा पातळ थर म्हणून चालेल, संपूर्ण सीट त्याची नको.

जेल दाब चांगला पसरवतं, कंपनंही थोडी शोषतं. पण ते वजनाला जड, आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही. दुपारी ढाब्याबाहेर तासभर उन्हात गाडी लावून परत बसलात की कळेल. जेल घालायचंच असेल तर ते फोममध्ये खाच करून बसवा, वरून निदान बोटभर फोमचा थर द्या आणि गाडी सावलीत लावायची सवय ठेवा.

हवेच्या गादीबद्दल माझं मत अनुकूल आहे. यातली प्रसिद्ध म्हणजे ‘एअरहॉक’. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून ज्या कप्प्याकप्प्यांच्या गाद्या बनवल्या गेल्या, त्याच तंत्रावर ती आधारलेली आहे. हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, त्यामुळे भार आपोआप सारखा होतो. लोक चूक करतात ती एकच: टम्म फुगवतात. बसल्यावर सीट आणि बूड यांच्यामध्ये बोटभर हवा राहील इतकीच भरायची, बाकी सोडून द्यायची. समुद्रसपाटीवरून उंच घाटात किंवा लडाखला गेलात तर बाहेरचा दाब कमी झाल्याने गादी आणखी फुगते, तेव्हा वाटेत पुन्हा हवा कमी करावी लागते. वळणांवर ती किंचित डोलते. काहींना ते अजिबात आवडत नाही. विकत घेण्याआधी मित्राची मागून एक राइड करून बघा.

स्वस्तातले उपायही कमी लेखू नका. जाळीचं कव्हर भार पसरवत नाही, पण खालून वारा खेळता ठेवतं. टॅक्सीत असतं तसं मण्यांचं आवरण आणि लोकर असलेलं मेंढीचं कातडं, दोन्ही फार लांबचे पल्ले मारणारे लोक वापरतात. ‘आयर्न बट असोसिएशन’ नावाच्या अमेरिकी संघटनेच्या सॅडलसोअर प्रकारात २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर कापायचे असतात. तसल्या राइड करणाऱ्यांच्या गाड्या पाहिल्या तर सीटवर अशा साध्या गोष्टीही दिसतात.

सीटचा आकार नेमका कसा असावा?

आकार फोमपेक्षा महत्त्वाचा, आणि इथेच सगळ्यात कमी विचार होतो.

आधी स्वतःचं माप घ्या. कडक बाकावर किंवा जिन्याच्या पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, गुडघे थोडे वर घेऊन किंचित पुढे वाका आणि मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १०० ते १४० मिलिमीटरच्या आसपास भरतं. स्त्रियांचं सरासरीने थोडं जास्त असतं. दोन्ही खळगे सीटच्या सपाट, आधार देणाऱ्या भागावर, कडांपासून पुरेसे आत पडले पाहिजेत. खळगा कडेच्या उतारावर पडत असेल तर कितीही भारी फोम घाला, दुखणारच.

मग उतार. कित्येक गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते, त्यामुळे आपण सतत पुढे घसरतो आणि पायांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. चालकाच्या बसायच्या जागेचा भाग जवळजवळ सपाट, मागच्या बाजूला किंचित खोलगट करून घ्या. मागे कमरेच्या खाली हलका आधार मिळतो. मात्र फार खोल खळगा करू नका. मग एकाच जागी अडकून पडाल आणि बसण्याची पद्धत बदलताच येणार नाही. लांबच्या राइडला दोन-चार इंच मागेपुढे सरकायची मोकळीक हवीच.

मांड्यांखालचा आधार हा आपल्याकडच्या सीटमधला मोठा उणेपणा आहे. कॅलिफोर्नियातल्या रसेल कंपनीच्या ‘डे-लाँग’ सीट त्यासाठीच ओळखल्या जातात: दोन्ही बाजूंना मांड्यांना टेकण देणारे पंख, त्यामुळे भार मांड्यांवर वाटला जातो. तेवढे मोठे पंख आपल्या गाड्यांना नकोत, कारण सिग्नलला पाय टेकताना अडचण होते. पण सीटच्या मधल्या भागात दोन्हीकडे २०-२५ मिलिमीटर रुंदी वाढवली तरी फरक पडतो. टाकीजवळचा भाग मात्र अरुंदच ठेवा आणि त्याच्या कडा गोल करून घ्या. ऑफरोडला उभं राहून चालवत असाल तर ते आणखी गरजेचं.

मी उंचीने कमी आहे. सीट खाली घेता येईल का?

येईल, पण फोम कापून सीट २५ मिलिमीटर खाली आणली की तेवढी गादी गेली. रोजच्या शहरातल्या वापराला ते चालतं, लांबच्या प्रवासाला त्रास होतो. आधी पुढचा भाग अरुंद करून बघा. सीटची रुंदी पायांना बाहेर ढकलते, त्यामुळे उंची तीच राहूनही अरुंद सीटवर पाय जमिनीला जास्त टेकतात. कागदावरची उंची फसवी असते ती याचसाठी. रॉयल एनफिल्डच्याच गाड्या घ्या: मीटिऑर ३५०ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, क्लासिक ३५०ची ८०५ वर. पण दोन गाड्यांत पाय किती टेकतो, यात सीटच्या आकाराचाही तितकाच वाटा असतो. हिमालयन ४५०ची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर लावता येते, तेव्हा कापाकापीआधी आपल्या गाडीत अशी सोय आहे का ते बघा. खाली घट्ट आणि वर पातळ मऊ फोम वापरून कमी जाडीतही आधार टिकवता येतो. सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. त्याने गाडीचं वळणं आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही बिघडतं.

डबलसीट जातो. मागे बसणाऱ्याचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मागे बसलेल्याला हँडल धरायला नाही, पुढचा खड्डा दिसत नाही, आणि तो बरोबर मागच्या चाकावर बसलेला असतो. दणका सगळ्यात जास्त त्यालाच. बायकोला, बहिणीला, मित्राला पुन्हा बरोबर न्यायचं असेल तर सीटचं काम मागच्या जागेपासून सुरू करा.

कंपन्या ही जागा अरुंद आणि मागे वर चढत जाणारी करतात, कारण ती दिसायला झोकदार दिसते. तिची लांबी निदान २८०-३०० मिलिमीटर आणि रुंदी बैठकीच्या हाडांना पुरेल इतकी हवी. पृष्ठभाग सपाट हवा. मागच्या माणसाला सीटवाल्याकडे बरोबर घेऊन जा, गाडीवर बसवा आणि त्याचं म्हणणं त्यालाच सांगू द्या. गावाकडे अजूनही साडीत एका बाजूला बसणाऱ्या आई, आजी, काकू असतात. तसं बसणं लांबच्या रस्त्याला सुरक्षित नाही, तिथे पाय दोन्ही बाजूंना टाकून बसणंच योग्य. पण गावातल्या गावात तसं बसावंच लागणार असेल तर मागची जागा घसरडी, गोलाकार करू नका आणि डावीकडची कड पडती ठेवू नका.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२८ प्रमाणे मागचा माणूस चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच बसला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९च्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं साडी गार्ड सांगितलं आहे. सीट जाड करताना ग्रॅब रेल (मागच्याने धरायची दांडी) फोमखाली गाडली जाणार नाही, याकडे लक्ष द्या. कमरेला टेकायला छोटा बॅकरेस्ट मिळाला तर मागचा माणूस कितीतरी कमी थकतो.

तयार टुरिंग सीट घ्यावी, की सीटवाल्याकडून बनवून घ्यावी?

रॉयल एनफिल्डसारख्या कंपन्या काही मॉडेलसाठी स्वतःची टुरिंग सीट विकतात. ती गाडीत अचूक बसते, लॉक नीट लागतं. तुमचं वजन आणि बांधा सरासरीच्या जवळपास असेल तर आधी तीच बसून बघावी. कॉर्बिन, सार्जंट, सीट कन्सेप्ट्स या अमेरिकी नावांचा लौकिक मोठा आहे, पण आपल्याकडच्या ३५०-४०० सीसीच्या गाड्यांसाठी ती शोधत बसण्यात अर्थ नाही. मागवायचा खर्च आणि आयातशुल्क सीटपेक्षा जड जातं.

स्थानिक सीटवाल्याचा मोठा फायदा असा की तुम्ही त्याच्यासमोर बसू शकता. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत करोल बाग, बंगळुरूत जे. सी. रोड या गाड्यांच्या बाजारांत असे कारागीर सापडतात. तालुक्याच्या गावीही रिक्षाच्या आणि ट्रॅक्टरच्या सीट शिवणारे असतात. त्यांतल्या काहींचा हात इतका चांगला असतो की शहरात जायची गरज पडत नाही. रंगीत, चमकदार, डायमंड शिलाईच्या सीट दुकानाबाहेर टांगलेल्या बघून ठरवू नका. आतला फोम दाखव म्हणावं. दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून पुढच्या दुकानात जा.

सीटवाल्याकडे काम कसं करून घ्यायचं?

शक्य असेल तर मूळ सीट कापू देऊ नका. जुन्या बाजारातून किंवा सुट्या भागांच्या दुकानातून त्याच मॉडेलची दुसरी सीट मिळवा आणि काम तिच्यावर करा.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून जा आणि दिवसभराचा वेळ काढा. राइडला घालता तीच पँट घाला. कारागीर आधी कव्हरच्या पिना उचकटतो, फोम मोकळा करतो. आता मार्करने तुमच्या दोन हाडांच्या जागा फोमवर आखून घ्या. तुम्ही गाडीवर राइडच्या पद्धतीने बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी आखायला सांगा. तेवढा भाग कापला जातो, नवा फोम ‘सोल्युशन’ लावून चिकटवला जातो आणि मग ग्राइंडरने घासून आकार दिला जातो. या टप्प्यावर घाई करू नका. कव्हर न लावता नुसता फोम गाडीवर ठेवून बसा, उठा, पुन्हा घासायला सांगा. चांगला कारागीर यासाठी तयार असतो. उलट त्याला आवडतं, कारण बहुतेक लोक फक्त रंग निवडून निघून जातात.

सोल्युशन पूर्ण सुकू द्यावं लागतं. ओलसर असताना कव्हर ओढलं तर थर सरकतात आणि महिनाभरात वर लाटा दिसतात. पिना गंज न धरणाऱ्या आणि तळाच्या जाडीपेक्षा आखूड हव्यात, नाहीतर त्यांची टोकं आत येऊन वायर कापतात. सीटखाली बॅटरी, फ्यूज, कधी ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) असतं हे विसरू नका. तळाला लावलेली रबरी बुशं परत जागच्या जागी आहेत ना, तेही बघा. सीटचा भार त्यांच्यामार्फत फ्रेमवर जातो; एखादं बुश गेलं की तळाला तडा जातो. शेवटी लॉक चार-पाच वेळा लावून-काढून बघा. फोम वाढला की लॉक जड होतं आणि सीट अर्धवट बसलेली राहू शकते. चालत्या गाडीवर सीट निसटणं फार धोक्याचं.

कव्हर कशाचं, आणि पावसाळ्यात काय?

चांगलं जाड, उन्हाला टिकणारं रेक्झिन आपल्या हवेला सगळ्यात योग्य. खरं चामडं दिसायला सुंदर, पण कोकणातल्या पावसात त्याची निगा राखणं अवघड. पीयू लेदर दमट हवेत काही वर्षांत सोलपटायला लागतं. वरच्या बाजूला, बैठकीच्या हाडांखाली शिवण येऊ देऊ नका. एक तर ती टोचते, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. फोमने एकदा पाणी पिलं की ते दिवसचे दिवस निघत नाही, आणि बसलात की पँट ओली. कव्हरखाली पातळ प्लास्टिकचा थर घालून घ्या, शिवणींना आतून सीलंट लावा, आणि तळाची पाणी निथळायची भोकं बुजवू देऊ नका. काळा रंग दुपारी चटका देतो; करडा किंवा तपकिरी निवडा. थोडा खरबरीत पृष्ठभाग घसरणं थांबवतो.

कायद्याने चालतं का? विमा, वॉरंटी?

फोम आणि कव्हर बदलल्याने आरसीतला कुठलाही तपशील बदलत नाही. कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करतं. म्हणून दोघांची नोंद असलेल्या गाडीला कायमची सिंगल सीट लावायची किंवा मागची फ्रेम कापायची असेल तर आधी आरटीओत विचारा. फ्रेमला हात न लावणं सगळ्यात बरं. महागडी सीट घेतलीत तर विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून कळवा. कापलेल्या मूळ सीटची वॉरंटी अर्थातच संपते.

मूळव्याध आहे, कंबरेचा त्रास आहे. चांगल्या सीटने बरं वाटेल का?

त्रास कमी होऊ शकतो, आजार बरा होत नाही. मूळव्याध, स्लिप डिस्क, सायटिका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. राइड संपल्यावरही काही तास बधिरपणा राहत असेल, पायात कळ जात असेल किंवा लघवीला त्रास होत असेल तर सीट बदलून वाट बघत बसू नका. गरोदरपणात मागे बसून लांब जायचं की नाही, हे डॉक्टरच सांगतील.

नवी सीट पहिल्या दिवशी कडक वाटतेय. फसलो का?

बहुधा नाही. नवा फोम आणि ताणलेलं कव्हर बसायला काहीशे किलोमीटर घेतात. आधी लोणावळा, माळशेज, आंबोली असा दिवसभराचा फेरा मारा. नव्या सीटवर थेट लांबच्या दौऱ्याला निघू नका. परतल्यावर दुखण्याची जागा आधीच्या नोंदीशी ताडून बघा. जागा बदलली असेल, म्हणजे आधी हाडं दुखत होती आणि आता मांडीची कड घासते, तर काम बरोबर दिशेने चाललं आहे. पुन्हा त्याच सीटवाल्याकडे जा, थोडं घासून घ्या. दुसऱ्या फेरीचं काम आधीच ठरवून, त्याचे पैसे बोलून ठेवलेले बरे.

जुन्या सीटचं काय करू?

विकू नका, कोणाला देऊन टाकू नका. गाडी विकताना तीच लावून द्याल, कारण तुमच्या मापाची सीट दुसऱ्याला सोसणार नाही आणि तुम्हाला ती पुढच्या गाडीच्या वेळी नमुना म्हणून लागेल. जुनी सीट कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून, वर काही जड न ठेवता माळ्यावर ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधलीत तर पावसाळ्यात बुरशी धरेल.